आधी पाणी की माती

"आधी काय आत आलं? पाणी की माती?" ओकाम्पोबाईंनी विचारलं. विमा कंपनीकडून नुकसान पाहायला आलेल्या त्या बाई स्वयंपाकघरात गुडघाभर चिखलात उभ्या होत्या.

ड्वेन टॅकेट मागच्या खिडकीकडे बघत होता. तिथे आता खिडकी नव्हती, डोंगरच होता. ऑक्टोबरच्या वणव्यात काळा पडलेला आणि जानेवारीच्या पावसात, भर दुपारी, घरात शिरलेला. आज पाचवा दिवस. उद्या पुन्हा पाऊस सांगितला होता. वर एखादा दगड जरी सुटला तरी ड्वेनचा हात दाराच्या चौकटीकडे जायचा.

"पाण्याबरोबर चिखल वाहत आला असेल तर पैसे मिळतात," बाई म्हणाल्या. "नुसता डोंगर घसरला असेल तर एक डॉलरही नाही. नियम काही मी केलेला नाही. ज्यानं पाहिलं त्याची सही हवी."

चिखल उपसून नेण्याचेच ब्याण्णव हजार डॉलर सांगितले होते. भिंती, जमीन, वायरिंग वेगळं.

"अरे, बोल ना!" त्याची बायको लॉरेटा म्हणाली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्या दुपारी ती तापाने आतल्या खोलीत पडून होती. कपाटावर चढून बसलेल्या तिला शेजाऱ्यांनी खिडकीतून ओढून काढलं. ड्वेन सापडला तो खाली, मोठ्या रस्त्यावर. मदत आणायला धावलो, असं त्याने सांगितलं होतं. रविवारी चर्चमध्ये लोकांनी त्याची पाठ थोपटली. तेव्हापासून त्याला घास गिळवत नव्हता. खर्चाचा धसका घेतलाय, असं सगळे म्हणायचे.

"तुम्ही जागे होता. तुम्हीच पाहिलं असणार." बाईंनी कागद पुढे केला.

त्याने पेन हातात घेतलं, पण कागदाला टेकवलं नाही.

"मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला. "आवाज आला आणि पळालो. मदतबिदत काही नाही. नुसता पळालो. पायाखाली काय होतं तेही आठवत नाही. हिला... हिला हाकसुद्धा मारली नाही."

ओकाम्पोबाईंनी मान खाली घातली. ड्वेनला लॉरेटाकडे बघायचा धीर होईना. घर गेलंच होतं. आता तीही जाणार.

लॉरेटाने डाव्या हाताने त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं.

"लिहा, आधी पाणी आलं," ती बाईंना म्हणाली. "मी जागी होते. हा माझ्या दारावरून पळाला ना, तेव्हा पाण्यात याची पावलं वाजत होती."