तीन मिनिटांची फेरी

"चॅम्पियनच्या माणसांना आज दुपारपर्यंत उत्तर हवंय," व्हर्नन म्हणाला. "हो म्हण म्हाताऱ्या, आणि मोकळा हो एकदाचा."

क्लीफस गेन्सनं मान वर केली नाही. तो ब्रायंटच्या हाताला पट्टी गुंडाळत होता, आणि पट्टी गुंडाळताना तो देवाशीही बोलत नसे.

"काका, सतरा लढती झाल्या. सतराच्या सतरा आडवे केले," ब्रायंटच मध्ये बोलला. बावीस वर्षांचा पोरगा, दारात उभा राहिला तर खोलीत अंधार पडेल एवढा. "अजून किती दिवस मला लोणच्यासारखं मुरवत ठेवणार?"

"ऐक, ऐक जरा!" व्हर्ननला जोर चढला. लढती जुळवणं हा त्याचा धंदा, आणि आज तर तो गुडघ्याला बाशिंग बांधूनच आला होता. "हेवीवेट बॉक्सिंगचा पट्टा समुद्रापार गेला त्याला जमाना झाला. इथली धिप्पाड पोरं सगळी फुटबॉलवाल्यांनी उचलली. आपल्या वाट्याला उरलाय हा एवढा एक. हा चॅम्पियनला पाडेल, आणि बघ, फिलाडेल्फियातल्या एकेका जिमच्या दारात पोरांची रांग लागेल."

"आणि हा पडला तर?" पट्टीचं शेवटचं टोक खोचून झाल्यावर क्लीफसनं विचारलं.

"जीभ जळो तुझी."

क्लीफस हसला. खरं सांगायचं तर तो पट्टा त्यालाही हवा होता. सकाळी दाढी करताना आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसत नसे, ब्रायंटच्या कमरेचा पट्टा दिसे. सत्तरी उलटली होती, आणि असा दुसरा पोरगा आता त्याच्या जिममध्ये यायचा नव्हता.

रिंगच्या समोरच्या कोपऱ्यात ओस्ताप उड्या मारून अंग गरम करत होता. हा युक्रेनचा, एरवी लोकांच्या घरांवर छपरं घालणारा, आज पहिल्यांदाच सराव द्यायला आलेला. सराव देणाऱ्यानं मार पोटभर खायचा आणि द्यायचा तो बेतानं, अशी रीत. पण त्याला ती कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या जिममध्ये घड्याळ आपलं आपण भोंगा वाजवतं. इथं मात्र पितळेची घंटा, आणि तिची दोरी क्लीफसच्या हातात. फेरी तीन मिनिटांची. पण ब्रायंटला एखादा ठोसा वर्मी बसला, पाय जड पडायला लागले, की क्लीफसची फेरी अडीच मिनिटांतच आटपायची. कधी दोनमध्येसुद्धा. पोराचा धीर खचू नये, एवढंच. तळहाताच्या फोडासारखा जपला होता त्यानं त्याला. व्हर्नननंही लढतींना गडी आणले ते फुंकर मारली की लवंडणारे. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि घंटेचं हे गुपित आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी क्लीफसची पक्की समजूत होती.

पहिली फेरी झकास झाली. ब्रायंटचा डावा हात सटासट चालला आणि व्हर्नन टाळ्या पिटत राहिला. दुसरीत ओस्ताप जरा पुढे सरकला. तिसरी निम्मी झाली असेल नसेल, त्यानं खाली वाकून बरगडीखाली एकच ठोसा दिला.

ब्रायंट कमरेत वाकला. क्लीफसचा हात सवयीनं दोरीकडे गेला.

तिथंच थांबला. चॅम्पियनशी लढत होईल तेव्हा ही दोरी भलत्याच कुणाच्या तरी हातात असेल. हा विचार त्याला आधी कधी आला नव्हता, असं नाही. तो आला की क्लीफस उठून कॉफी करायला जाई. आज तो बसून राहिला. त्यानं दोरी सोडली आणि हात खिशात घातला.

"हात वर! गळ्यात पड त्याच्या, धरून ठेव!" तो ओरडला.

ब्रायंटनं धरलं नाही की अंग चोरलं नाही. तो दोरखंडाला पाठ लावून उभा राहिला, दोन्ही हात खाली सोडून, जसा काही खेळ संपलाच आहे. ओस्तापला त्यातलं काय कळणार! त्याचा पुढचा ठोसा तसा हलकाच होता. ब्रायंट गुडघ्यावर आला. ओस्ताप आपणहून मागे सरला आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "माफ कर भाऊ. फार लागलं?"

"अरे वाजव ना ती घंटा!" व्हर्नन खेकसला. "डोकं फिरलंय का तुझं? मोडून ठेवशील त्याला!"

ब्रायंटनं डोकं वर केलं. चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. त्यानं ओस्तापकडे पाहिलंच नाही. क्लीफसकडे पाहिलं, आणि घरातलं म्हातारं माणूस गॅस बंद करायला विसरलं की पोरं आठवण करून देतात, तशा सांभाळून घेणाऱ्या आवाजात बोलला.

"काका, घंटा राहिली."

पोराला सगळं माहीत होतं. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. आणि त्याला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. फेरी म्हणजे अशीच असते, असं तो धरून चालला होता.

"व्हर्नन," मान न वळवता क्लीफस म्हणाला, "त्यांना नाही म्हणून कळव."



क्लीफस खुर्चीतून उठला. दोरखंडाशी जाऊन, दुखरा गुडघा टेकून, पोराच्या डोळ्यांपाशी डोळे येतील एवढा खाली वाकला.

"राहिली नाही, बाळा," तो म्हणाला. "अजून एक मिनिट आहे. ऊठ."