चुलीतला विळा

विळा लाल व्हायला आला होता. सिदूआबा चुलीपुढं उकिडवे बसून फुंकणीनं जाळ वाढवत होते. पलीकडं खांबाशी नऊ दिवसांची कालवड मान टाकून पडली होती. शेपटी, मांड्या, सगळं पांढऱ्या हगवणीनं लडबडलेलं.

"पोटावर दोन डाग दिले की हगवण बंद," आबा म्हणाले.

आबा या घरच्या भावकीतले. गावात जनावराला डाग द्यायचा तो त्यांनीच. चाळीस वर्षांत आपल्या हातून किती वासरं वाचली, हे ते आल्यागेल्याला सांगत. किती गेली, हे कुणी विचारत नसे.

मंजुषा, या घरची सून, कालवडीजवळ बसली होती. गावातल्या जनावरांवर प्रथमोपचार करणाऱ्या पशुसखीचं आठ दिवसांचं शिक्षण संपवून ती आत्ताच तुळजापूरहून आली होती. पिशवी अजून ओसरीवरच होती. तिनं कालवडीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसेना. तोंडात बोट घातलं. तोंड गार पडलं होतं.

काल सकाळपासून कालवडीला गाईखाली सोडलं नव्हतं आणि पाण्याचा थेंबही दिला नव्हता. पाणी दिलं की हगवण वाढते, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजेसासऱ्यांपासून ठाऊक होतं. गेल्या दोन वर्षांत दोन वासरं याच शहाणपणापायी गेली होती, आणि दोन्ही वासरांच्या पोटावर आबांचे डाग होते.

"आबा, हिच्या अंगातलं पाणी गेलंय," मंजुषा म्हणाली. "डाग नगं, पाणी पायजे. मीठ, साखर, चिमूटभर खायचा सोडा, कोमट पाण्यात. आन मग दूध."

"आठ दिवसांत लई शिकलीस की!" आबा हसले. "मग आमी चाळीस वर्षं काय माशा मारल्या व्हय? रामहरी, धर पाय."

रामहरी म्हणजे मंजुषाचा नवरा. त्याचं कसं, आई बोलली की आईचं खरं, बायको बोलली की बायकोचं, आणि आबा बोलले की दोघींचंही खोटं. त्यानं मुकाट्यानं कालवडीचे पाय धरले.

आबांनी मुठीला फडकं गुंडाळायला घेतलं. मंजुषा उठली, पाण्याची कळशी उचलली आणि चुलीत पालथी केली.

चर्र करून राख उसळली. धूर सगळ्या ओसरीभर झाला. विळा काळा पडला.

त्या घरात चूल शांत करायची तर लाकडं मागं ओढत. जळत्या चुलीत पाणी ओतणं म्हणजे घरादाराचं वाटोळं करणं.

"चुलीत पाणी?" म्हाळसाबाईंचा, सासूबाईंचा, आवाज चिरकला. "माझ्या चुलीत?"

"व्हय आत्याबाई." मंजुषा कालवडीपुढं आडवी उभी राहिली. तिला भीती वाटत होती, पण संताप भीतीहून मोठा होता. "मला काय बोलायचं ते बोला. घरातनं काढायचं तर काढा. पन हिच्या पोटाला विळा लागू देणार न्हाय म्या."

तिनं आतून मीठ, साखर, सोडा आणून वाटीभर गार पाण्यातच कालवलं. दोन बोटं त्यात बुडवून तिनं कालवडीच्या तोंडात दिली. पाणी ओघळून खाली आलं. पुन्हा दिली. पुन्हा ओघळलं. रामहरीनं पाय सोडून मान उचलून धरली, कुणी सांगितलं नसताना. कितव्या तरी खेपेला जीभ बोटांना चिकटली आणि हलकेच ओढू लागली.

म्हाळसाबाई जवळ येऊन वाकल्या. "गिळतीया?"

"गिळतीया."

म्हाळसाबाई वळल्या, चुलीपाशी बसल्या आणि ओली राख हातानं उपसू लागल्या. सगळी राख बाहेर काढली. आतून कोरड्या तुराट्या आणून नीट मांडल्या. मंजुषानं कालवडीला जवळ ओढलं.

"हां, आत्ता कसं!" आबा खूश झाले. "सुनेचे लाड पुरे, वयनी. पेटवा. विळा पुन्यांदा तापाय कितीसा येळ लागतोय?"

"आगपेटी सरली, भावजी."

"घरात एक काडी न्हाय?"

"न्हाय."

आबा पडले तंबाखू मळणारे, त्यांच्या खिशात आगपेटी कुठली? त्यांनी म्हाळसाबाईंकडं बघितलं. म्हाळसाबाई खाली बघत होत्या. मग आबांनी विळा उचलला, उपरणं झटकलं. "मेली तर मला बोलवू नगा," म्हणाले आणि अंगणात उतरले.

चपलेत त्यांचा एकच पाय गेला होता. म्हाळसाबाईंनी कमरेची आगपेटी काढली, कानाशी खुळखुळ वाजवून बघितली आणि काडी ओढली.

"मंजे, पातेलं आण," त्या अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पाणी कोमटच पायजे म्हनलीस न्हवं?"