मुसळाच्या मापाची पिशवी

पिशव्या शिवणाऱ्या सिकंदरच्या दुकानात माईंनी घरचं मुसळ कॅनव्हासच्या लांबड्या पिशवीत घातलं, पाठीला अडकवलं आणि बिंदू चौकापर्यंत फेरी मारून आल्या. ही तिसरी पिशवी. सगळी गल्ली हसत होती.

"पट्टा खांद्याला काचतोय. आत मऊ नमद्याची गादी घाल."

"घालतो की. पण माई, मुसळाचे एवढे लाड?"

"मुसळाचे न्हाईत रं, रायफलीचे. वजन सारखंच हाय. सूनबाई पुण्याला नेमबाजीच्या स्पर्धेला निघालीया."

सिकंदरने हौसेनं नमदा घालून दिला. चौथ्या फेरीहून माई खुशीत परतल्या, मुसळ कोपऱ्यात उभं केलं आणि रिकामी पिशवी घेऊन निघाल्या.

"माई, मुसळ ऱ्हायलं की!"

"ऱ्हाऊ दे स्पर्धा होईस्तोवर. घरात दिसलं, की सुनेला कांडायला बसवायची लहर येती मला."