नकाशातलं घर

पर्यावरण आणि समाज या विषयात एम.ए. करताना वल्लरीने प्रबंधासाठी येरवड्यातल्या नदीकाठच्या वस्तीचा नकाशा काढला. पुराचं पाणी कुठवर येतं, ते तिथंच राहणाऱ्या सुगंधामावशींनी तिला घरोघरी हिंडून दाखवलं. प्रबंध विभागात पहिला आला. पुढे अधिकाऱ्यांनी त्याच नकाशावर बोट ठेवून वस्ती धोकादायक ठरवली आणि घरं पाडली. आठवडाभर वल्लरीला तिकडे जायचा धीर झाला नाही. शेवटी प्रबंध घेऊन गेलीच. मावशी ढिगाऱ्यातून भांडी वेचत होत्या. "मावशी, माझ्या नकाशामुळेच झालं हे." "ते राहू दे. नकाशा आणलायस ना? माझे कागद पुरात गेले. इथं राहत होते याचा पुरावा दिल्याशिवाय दुसरं घर देत नाहीत." वल्लरीने पान उघडलं. मावशींच्या घरावर 'घर सोळा' एवढंच होतं. "माझं नाव कुठंय?" "मीच गाळलं," वल्लरी पुटपुटली, "तुम्हाला त्रास नको म्हणून."