प्लग

"विजा चमकायला लागल्यात. एसी बंद कर, प्लग काढ," बाबांनी गादीवरूनच हुकूम सोडला.

शलाका ढिम्म. एरवी एसीचं सगळं खातं तिच्याकडेच होतं. जाळी धुणं, बाहेरच्या युनिटवरचा पाचोळा झाडणं, आभाळ गडगडलं की प्लग काढणं. "आमची मेकॅनिक," असं बाबा चिडवायचे आणि ही ऐटीत मान उडवायची.

पण दादाने इंजिनीअरिंग सोडल्यापासून त्याचं आणि बाबांचं बोलणं बंद होतं. घरात एसी एकच, म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात दोघं दुपारी नाइलाजाने याच खोलीत आडवे व्हायचे, एक या भिंतीला, दुसरा त्या. एसी बंद झाला की दादा उशी उचलून निघून जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जवळच कुठेतरी वीज कडाडली, तेव्हा मात्र तिने मुकाट्याने प्लग काढला.

दादा उठला. उशी काखेत मारून दाराकडे निघाला. बाबा पेपरने वारा घेत होते. तो थबकला, मागे फिरला आणि त्यांच्या उशाची खिडकी उघडली. गार वाऱ्याबरोबर पावसाची झड आत आली.

"अरे, भिजतोय मी," बाबा म्हणाले.

"मग सरका की माझ्या गादीवर." दादाने उशी पुन्हा खाली टाकली.

बाबा सरकले.

पाऊस ओसरल्यावर त्यांनी हाक मारली, "लाव गं आता एसी."

"वादळानंतर लगेच लावायचा नसतो," शलाका मेकॅनिकच्या थाटात म्हणाली आणि दोघांच्या पायाशी ऐसपैस बसली.