डावीकडच्या दोन पिना

जळालेला बोर्ड काकूंच्या टेबलावर आला तेव्हा त्याचा वास अजून गेला नव्हता.

"हा तिसरा," दुरुस्तीवाला म्हणाला. "पहिले दोन थेट साहेबांकडे गेले. पुस्तिकेत लिहिलंय तस्संच केलं म्हणतात. काकू, तुमची पुस्तिका आता काडेपेटीसोबत विकायला हवी."

एरवी काकूंनी त्याला चांगलं सुनावलं असतं. आज त्यांनी बोर्ड जवळ ओढून घेतला.

"साहेब भडकलेत," तो आवाज खाली आणून म्हणाला. "ज्याची चूक तो घरी जाईल म्हणाले."

कंपनी संगणकाचे मदरबोर्ड बनवायची. शिकणाऱ्यांसाठी आणि स्वतः काही जोडून बघणाऱ्यांसाठी त्याचा एक संच विकायची. संचासोबत पुस्तिका, पुस्तिकेच्या शेवटी अवघड शब्दांचे अर्थ, आणि एवढं करूनही अडलं तर फोनवर मदत. हे तिन्ही काकूंकडे होतं. जंपर म्हणजे काय, तर 'दोन पिनांवर बसणारी इवलीशी टोपी. ती बसली की त्या दोघींमधून वीज जाते,' असं त्यांनी लिहिलं होतं. फोनवरची माणसं म्हणायची, बाई, आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं. ते ऐकलं की काकूंचा दिवस चांगला जायचा.

हे सगळं त्यांना शिकवलं सरांनी, कंपनीच्या सगळ्यात जुन्या इंजिनियरनी. काकू टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा कंपनी दोन खोल्यांत मावत होती. पंखा एकच, तोही बोर्डांकडे वळवलेला. सर जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून बोर्ड पुढ्यात ठेवायचे. "हात लाव की. चावत नाही तो." त्या दिवसांतली माणसं एकेक करून गेली. काकूंना 'अगं' म्हणणारे आता इमारतीत सर एकटेच उरले होते.

सरांची एक खोड होती. बोर्ड हातात घेतला की ते उताणा धरायचे, पोट वर करून. सोल्डरिंग करणाऱ्या हातांची सवय ती. सांधे खालूनच दिसतात. त्यामुळे सरांचं डावं ते इतरांचं उजवं. काकूंना हे पाठ होतं. सर सांगायचे आणि त्या लिहिता लिहिता मनातच फिरवून घ्यायच्या.

या खेपेला मात्र सर बोर्ड न घेताच, खुर्चीत रेलून, डोळे मिटून सांगत होते. म्हणून काकूंनी मुद्दाम विचारलं होतं, "सर, वरून की खालून?"

"वरून गं. म्हातारा झालो म्हणून एवढं कळत नाही का मला?"

आणि काकूंनी लिहिलं: टोपी डावीकडच्या दोन पिनांवर बसवा.

ते खालून होतं. टोपी भलत्याच जोडीवर बसली आणि बोर्डाला सोसणार नाही एवढी वीज आत शिरली. सरांनी सांगितलेलं कुणी तपासून बघायची कंपनीत पद्धतच नव्हती.

संध्याकाळी काकू सरांच्या खोलीत गेल्या. सर चष्मा पुसत बसले होते.

"सर, तो जंपर..."

"कळलंय मला. उद्या साहेबांना जाऊन सांगतो, चूक माझी."

"आणि पाटी?"

नव्या प्रयोगशाळेवर सरांच्या नावाची पाटी लागणार होती. निवृत्तीनंतरही त्यांनी तिथेच येऊन बसावं असं ठरत होतं.

"नाही लागली तर नाही लागली." सर म्हणाले. "घरी कसं सांगायचं तेवढंच बघतोय. हिनं साऱ्या माहेराला कळवून ठेवलंय. तू कशाला जीव टांगणीला लावतेस? तू तुझी फोनची खुर्ची सांभाळ."

काकू दारापर्यंत गेल्या. वळून म्हणाल्या, "तुम्ही उद्या जरा उशिरानं या."

"का गं?"

"या म्हणते ना."

चष्मा लख्ख झाला होता, तरी सर तो पुसत राहिले.

काकूंची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. जेवताना सगळं ऐकून तिनं ताट पुढे सरकवलं.

"त्या माणसानं कधी चहा तरी विचारलाय का तुला?"

"शिकवलं त्यांनी मला, ताई."

"आणि तू जन्मभर त्यांची पुस्तकं लिहून दिलीस. फिटलं की. उद्यापासून दिवसभर करणार काय तू? माझ्याशी भांडणार?"

"ते तर आत्ताही करतेच."

ताई हसली नाही. "फोन वाजायचा थांबला की वाळून जाशील तू," एवढं म्हणून ती उठली.

सकाळी काकू साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. साहेब वयानं त्यांच्या मुलासारखे. "बसा काकू."

"उभीच बरी आहे. जंपरची चूक माझी. सरांनी खालून सांगितलं होतं, ते फिरवून घ्यायचं मीच विसरले."

"नक्की?"

"नक्की. त्यांना यात काही विचारू नका."

"तुम्हाला जावं लागेल, काकू."

"ठाऊक आहे मला."

खोटं इतकं सरळ बोलता आलं याचं काकूंनाच नवल वाटलं. कालपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं. मग त्या खुर्चीत बसल्या.

साहेबांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"वाईट वाटतं, काकू. खरं सांगतो, माझा सरांवर विश्वासच बसला नव्हता. परवाच ते इथे बसून गेले. म्हणाले, चूक तिचीच आहे, पण तुम्ही तिला बोलावू नका. दोन दिवस थांबा, ती आपल्या पायांनी येऊन सांगेल."