आजचा अच्युत

मृण्मयीने नेहमीसारखे दोन चहा केले, एक गोड आणि एक बिनसाखरेचा, आणि नवऱ्यासमोर ठेवले. अच्युत कुठला कप उचलतो, त्यावरून आज कोण उठलंय ते कळायचं. गोड चहावाला तिला हसवायचा. बिनसाखरेवाला परक्या बाईकडे बघावं तसा बघायचा.

त्याची विझत चाललेली स्मृती त्याच्या मेंदूत घातलेल्या फळमाशीच्या एका जनुकाने परत आणली होती. मृण्मयी प्रयोगशाळेत इतकी वर्षं त्याच जनुकावर काम करत होती. "जनुक एकच," डॉक्टर म्हणाले होते, "पण पेशी ते दर वेळी निराळं कापते, निराळं जोडते. प्रथिन बदलतं, आणि आरएनएचे कुठले निरोप पुढे जाऊ द्यायचे ते प्रथिनच ठरवतं. म्हणून रोज उठणारा माणूसही निराळा."

आज त्याने एकही कप उचलला नाही. टोपलीतल्या काळ्या पडलेल्या केळ्याला नाक लावून तो बसून राहिला.

"चहा घे ना रे, मला उशीर होतोय!" वैतागून तिने हातातला पेला टेबलावर आपटला. प्रयोगशाळेत तोंडाचा कापसाचा बोळा काढण्याआधी माश्यांची बाटली ती अशीच आपटायची. माश्या तळाला पडायच्या आणि लगेच काचेवरून वर चढू लागायच्या.

अच्युत खुर्चीवरून खाली कोसळला. मग खुर्चीवर, तिथून टेबलावर चढला आणि भिंतीला तळवे टेकून दिव्याकडे बघत राहिला.

मृण्मयी मागे सरली. तिचा हात दाराच्या कडीवर गेला. कामाला जाताना ती रोज बाहेरून कडी घालायची.

"मृण्मयी," तो मान न वळवता जुन्या, लाडक्या आवाजात म्हणाला, "आज बोळा नको ना लावूस."